उटा फ्रिथ : दोन बाहुल्या, एक गोटी आणि ऑटिझमचं संशोधन

रानजाई

ऑटिझमबद्दल (म्हणजे स्वमग्नतेबद्दल) मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक 'लक्षणं कशी ओळखावी' आणि 'थेरपी कोणती घ्यावी' एवढ्यावरच थांबतं. त्याची गरज आहेच. पण या मुलांच्या डोक्यात नेमकं काय वेगळं चालतं हे शोधण्यात ज्यांनी हयात घालवली, त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा उटा फ्रिथ यांच्यावर.

जन्म १९४१, जर्मनीतल्या रॉकेनहाउझेनचा. सारब्रुकेनच्या विद्यापीठात गेल्या कलेचा इतिहास शिकायला आणि मानसशास्त्राकडे वळल्या. पुढे लंडनला येऊन मॉड्स्ली रुग्णालयाला जोडलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्रीत क्लिनिकल सायकॉलॉजी शिकल्या. ऑटिझम असलेली मुलं त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती इथेच. १९६८ साली पीएचडी.

तो काळ आधी लक्षात घ्यायला हवा. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं होतं. त्याला वीसेक वर्षं उलटून गेली तरी अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम आयांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होता. आईच्या मायेत ओलावा नाही म्हणून मूल स्वतःला कोंडून घेतं, असं त्याचं म्हणणं. आणि लोक ते मानत होते, डॉक्टरसुद्धा.

याला उत्तर दोन अंगांनी आलं. एक शरीराच्या अंगाने. सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ साली जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज (म्हणजे जनुकं सारखी असलेल्या) जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत असं एकदाही आढळलं नाही. दोन्हीकडे आई एकच, घर एकच. मग फरक कुठून आला?

दुसरं अंग मनाच्या यंत्रणेचं. फ्रिथ यांचे मार्गदर्शक बेआटे हर्मेलिन आणि नील ओ'कॉनर मुलांना शब्दांच्या याद्या म्हणायला लावत. आपल्याला सुट्या शब्दांपेक्षा अर्थपूर्ण वाक्य कितीतरी सहज लक्षात राहतं. या मुलांना अर्थाचा तेवढा आधार मिळत नव्हता, पण सुटे शब्द ती छान म्हणून दाखवत. फ्रिथ यांनी प्रबंधात हेच पुढे नेलं. शब्दांच्या आणि रंगांच्या मालिका देऊन मुलं त्यातला नमुना कसा पकडतात ते पाहिलं. मूल कितीदा चुकलं याच्या जोडीला ते कोणत्या पद्धतीने चुकलं, हेही त्या टिपत. मला वाटतं त्यांचं सगळं पुढचं काम या सवयीतून निघालं.

आता १९८५. सायमन बॅरन-कोहेन त्यांचा विद्यार्थी, ॲलन लेस्ली सहकारी. हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी दोन वर्षं आधी प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यांनी घेतला आणि सोपा केला. सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. ॲन ती गोटी काढून खोक्यात लपवते. सॅली परत येते. ती गोटी कुठे शोधेल?

आपण म्हणू, टोपलीत. बिचारीला काय माहीत! हे उत्तर द्यायला सॅलीच्या डोक्यात एक चुकीची समजूत आहे हे आपल्या डोक्यात धरावं लागतं. सर्वसाधारण वाढीच्या २७ मुलांपैकी २३ जणांनी बरोबर सांगितलं. त्यांचं सरासरी वय साडेचारच्या आसपास. डाउन सिंड्रोम (जन्मजात स्थिती, हिच्यात बौद्धिक वाढ मंद असते) असलेल्या १४ पैकी १२ जणांनी बरोबर सांगितलं. ऑटिझम असलेल्या २० पैकी फक्त ४.

या प्रयोगाचा कणा म्हणजे डाउन सिंड्रोमचा गट. ऑटिझम असलेल्या मुलांची भाषेची समज त्यांच्यापेक्षा बरीच वरची होती. म्हणजे 'या मुलांची बुद्धीच कमी म्हणून जमलं नाही' ही पळवाट बंद झाली. गोटी आधी कुठे होती, आता कुठे आहे, हे सगळ्यांनी अचूक सांगितलं होतं; अडलं ते फक्त सॅलीच्या मनापाशी. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा असा अंदाज बांधण्याच्या क्षमतेला 'थिअरी ऑफ माइंड' म्हणतात.

सगळं साहित्य एका पिशवीत मावेल एवढं. आणि निकाल उलटा लागला असता तर कल्पना तिथल्या तिथे बाद झाली असती. मला या बाईंचं कौतुक आहे ते यासाठी.

बोरकूट

छान लिहिलंय. पण ४ जण पास झाले ना? मग तुमच्याच शेवटच्या वाक्यानुसार सिद्धांत तिथल्या तिथे बाद व्हायला हवा होता :)

रानजाई

बोरकूट, बरोबर पकडलंत. ही चौघं या सिद्धांताच्या मागे पुढची पंचवीस वर्षं लागली आहेत.

पहिलं स्पष्टीकरण असं होतं की ही मुलं उशिरा का होईना शिकतात, पण अवघड पायरीवर अडतात ('सॅलीला वाटतं की ॲनला वाटतं की...'). बॅरन-कोहेन यांनी ते तपासलं. मग फ्रिथ यांची दुसरी विद्यार्थिनी फ्रान्चेस्का हापे हिने थापा, टोमणे, थट्टा असलेल्या छोट्या गोष्टी वापरल्या. बाहुल्यांची चाचणी सहज पार करणारेही इथे 'तो असं का म्हणाला?' याची वेगळीच कारणं देत.

सगळ्यात चलाख प्रयोग २००९चा. अत्सुशी सेंजू, व्हिक्टोरिया साउथगेट, सारा व्हाइट आणि फ्रिथ. ॲस्पर्गर (बोलणं आणि बुद्धी चांगली असलेल्या ऑटिझमला तेव्हा दिलं जाणारं नाव) निदान असलेल्या प्रौढांना तोंडी विचारलं तर उत्तर बरोबर. मग काही न विचारता तसाच प्रसंग पडद्यावर दाखवला आणि नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. इतरांची नजर आपोआप 'ती आता इथे शोधेल' त्या जागी आधीच पोचत होती. यांची तशी पोचत नव्हती. म्हणजे उत्तर विचार करून काढता येतं, पण आपसूक येत नाही.

हे 'सिद्धांत वाचवायला केलेलं ठिगळ' आहे असं म्हणणारेही आहेत. मोर्टन गर्न्सबाकर आणि रेमी येर्जो यांनी २०१९ साली लेख लिहून या सगळ्या चाचण्यांवरच घाव घातला आहे. चाचण्या एकमेकींशी जुळत नाहीत, भाषेवर फार अवलंबून आहेत, मूळ निष्कर्ष नेहमी पुन्हा मिळत नाहीत, वगैरे. वाचण्यासारखा आहे.

सांजवेळ

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. या विषयावर मी फार शांतपणे बोलू शकत नाही, सांभाळून घ्या.

'यांना दुसऱ्याचं मन कळत नाही' हे वाक्य शाळेतल्या बाईंपासून लग्नातल्या मामींपर्यंत सगळे ऐकवतात, आणि त्याचा अर्थ 'याला कुणाचं काही वाटत नाही' असाच घेतला जातो. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हा पठ्ठ्या जेवायला मागत होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण त्यानंतर कित्येक आठवडे तो रोज त्यांची औषधांची डबी काढून, वारांप्रमाणे रिकामी आहे ना बघून, परत ठेवायचा. याला काय म्हणायचं तुमच्या चाचणीत?

आणि आयांना दोष द्यायचं बेटेलहाइमबरोबर संपलं असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. मला एका डॉक्टरांनी 'तुम्ही नोकरी करता का?' हा पहिला प्रश्न विचारला होता. हे बेटेलहाइमच्या काळातलं १९६७ साल नव्हतं.

रानजाई

सांजवेळ, सांभाळून काय घ्यायचं, तुम्ही बोललात तेच महत्त्वाचं आहे. 'समोरच्याच्या डोक्यात काय आहे हे ओळखणं' आणि 'समोरच्याचं दुःख आपल्याला लागणं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हे फ्रिथ यांच्याच गटाने दाखवलं आहे. २०१० साली जेफ्री बर्ड, तानिया सिंगर, फ्रिथ आणि इतरांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून, जवळच्या माणसाच्या हाताला दुखेल असा झटका दिला जातोय हे दाखवलं. अशा वेळी मेंदूचा इन्सुला नावाचा भाग जागा होतो. ऑटिझममुळे तो कमी जागा होतो का? नाही. फरक पडत होता तो 'मला नेमकं काय वाटतंय' हे स्वतःलाच नीट सांगता न येण्यामुळे, ज्याला ॲलेक्सिथायमिया म्हणतात. ती अडचण ऑटिझम असलेल्या अनेकांना असते, पण सगळ्यांना नाही, आणि ऑटिझम नसलेल्यांनाही असते.

तुमच्या मुलाच्या डबीबद्दल मी काही शास्त्रीय बोलणार नाही.

तिरकस

एक शंका. बाहुल्या, गोष्टी, नजर... हे सगळं मानसशास्त्र झालं. यात मेंदू कुठे आहे? 'मनाचा अंदाज' ही पेटी मेंदूत कुठे ठेवलीय ते दाखवा, मग मेंदूशास्त्रज्ञ म्हणू.

लंडनकर_जुना

तिरकसराव, दाखवतो. त्या काळात मी शेजारच्याच इमारतीत (वेगळ्या विषयात) नोकरीला होतो, त्यामुळे या मंडळींची भाषणं फुकटात ऐकलीत.

फ्रिथ यांचे पती ख्रिस फ्रिथ हेही मेंदूवाले, त्यांचं काम स्किझोफ्रेनियावर. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये मेंदूच्या प्रतिमा घेणारी प्रयोगशाळा १९९०च्या दशकात उभी राहिली, ख्रिस तिथे होते. घरातच अर्धी सोय! १९९५ साली पॉल फ्लेचर, हापे, फ्रिथ दांपत्य वगैरेंनी पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते यात दिसतं) माणसांना त्याच टोमण्या-थापांच्या गोष्टी वाचायला दिल्या. कपाळाच्या मागे, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या पृष्ठभागावरचा एक भाग उजळला. पुढच्या वर्षी ॲस्पर्गर असलेल्या पाच जणांवर तेच केलं, तर तो भाग नाही, जरा खालचा शेजारचा भाग उजळला. पाच म्हणजे अगदीच थोडी माणसं, हे खरं.

मला जास्त आवडतो तो २००२चा फुल्व्हिया कास्टेली यांचा. पडद्यावर दोन त्रिकोण फिरतात. बाकी काही नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. पण त्यांची हालचाल अशी बेतलेली की एक मोठा, एक छोटा, मोठा छोट्याला समजावून बाहेर काढतोय असं आपल्याला दिसायला लागतं. (ही युक्ती मूळ हाइडर आणि झिमेलची, १९४४ची.) ऑटिझम असलेल्या दहा प्रौढांमध्ये दृष्टीचा भाग इतरांइतकाच काम करत होता. पण तिथून कानाच्या वरच्या-मागच्या बाजूच्या भागापर्यंत माहितीचा दुवा क्षीण होता, आणि पुढे कपाळामागचा भागही कमी जागा होत होता. तेव्हा 'पेटी' नाहीच, तीन-चार भागांचं जाळं आहे, आणि दुखणं कदाचित त्यांच्या दळणवळणात आहे. 'कदाचित'वर जोर.

१९९८पासून २००६ला निवृत्त होईपर्यंत उटा फ्रिथ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्समध्ये होत्या. २००५ला रॉयल सोसायटीच्या फेलो, २०१२ला मानद डेम (ब्रिटिश किताब). म्हणू या आता मेंदूशास्त्रज्ञ?

तिरकस

म्हणा. त्रिकोण आवडले.

हळदीकुंकू_२०२०

हे सगळं ठीक आहे पण लसीमुळे होतं हे कोणी का सांगत नाही? आमच्या ओळखीत एका मुलाला लस दिल्यानंतरच

प्रशासक

प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्डचा १९९८चा लेख १२ मुलांवर आधारित होता, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला, आणि त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडलेला नाही. या धाग्यावर हा विषय बंद.

पाटीपेन्सिल

मी विशेष शिक्षिका आहे. थिअरी ऑफ माइंडवरच सगळे बोलताय, पण आम्हाला वर्गात फ्रिथबाईंची दुसरी कल्पना जास्त कामाला येते. वीक सेंट्रल कोहिरन्स, म्हणजे सुटे तपशील जोडून एकसंध चित्र बघण्याचा ओढा कमी असणं.

१९८३ साली अमिता शाह आणि फ्रिथ यांनी मुलांना चित्रात लपलेला आकार शोधायला दिला, बाबागाडीच्या चित्रात त्रिकोण वगैरे. ऑटिझम असलेली मुलं इथे चक्क सरस ठरली. १९९३ला ठोकळे जुळवून नक्षी करण्याची चाचणी घेतली. इतर मुलांना नक्षीचे तुकडे आधीच सुटे करून दाखवले की त्यांचा वेग वाढे. ऑटिझम असलेल्या मुलांना त्याने विशेष फरक पडत नसे, कारण ती नक्षीकडे मुळातच तुकडे-तुकडे करून बघत होती. म्हणजे एकसंध चित्राचा पगडा त्यांच्यावर कमी. फ्रिथ यांनी १९८९च्या पुस्तकात यावरून मांडणी केली आणि हापे यांनी पुढे ती बदलली: ही उणीव नाही, बघण्याची वेगळी धाटणी आहे, सांगितलं तर ती एकसंधही बघू शकतात.

माझ्याकडचा एक मुलगा माझ्या खोलीतलं कॅलेंडर बदललं की दारातूनच परत जायचा. खोली तीच आहे हे तुम्हाआम्हाला कळतं, कारण आपण कॅलेंडर बघतच नाही. हे वाचल्यावर मी त्याला 'हट्टी' लिहिणं बंद केलं आणि बदल आदल्या दिवशी सांगायला लागले.

जाता जाता: फ्रिथ यांचं डिस्लेक्सियावरचं (वाचन शिकण्यातल्या अडचणीवरचं) कामही मोठं आहे. इटालियन, फ्रेंच, इंग्रजी वाचणाऱ्यांचा २००१चा अभ्यास बघा. इटालियनमध्ये लिहिलं तसं वाचतात म्हणून त्यांचं वाचन बरं होतं, पण मेंदूतला फरक तिघांत सारखाच. 'मराठी जसं लिहितो तसं वाचतो, मग आपल्याकडे डिस्लेक्सिया कसा?' असं विचारणाऱ्या पालकांना मी हेच सांगते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीतही आहे.

एकलकोंडा_नव्हे

वय ३१, निदान दोन वर्षांपूर्वी झालं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की माझ्याबद्दल माझ्या पाठीमागे बोलणं चाललंय, म्हणून लिहितो.

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. २०१२ साली त्यांनी 'डबल एम्पथी'चा मुद्दा मांडला. मला तुमचं मन कळत नाही, मान्य. पण तुम्हाला माझं कुठे कळतं? मग दोष माझ्या एकट्याच्या मेंदूत कसा? कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० साली ७२ जणांवर कानगोष्टींसारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत माहिती सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत.

सॅली-ॲनमध्ये मुलाला एक प्रश्न विचारतात, तोही अनोळखी मोठ्या माणसाने, बाहुली खरी आहे असं धरून. समोरचा मोठा माणूस त्या मुलाला ओळखतो का, याची चाचणी कोणी घेतलीय?

रानजाई

मुद्दा मान्य. मी लिहिलेल्या प्रयोगांत मोजमाप एकाच बाजूचं झालं. एवढंच म्हणेन की १९८५ साली 'हे मूल माणसांना नाकारतंय' या समजुतीपासून 'या मुलाला एक विशिष्ट गोष्ट अवघड जाते' इथपर्यंत येणं ही लांबची मजल होती. मिल्टन पुढची मजल मारतायत. फ्रिथ यांना स्वतःला डबल एम्पथी फारशी पटलेली नाही असं माझं वाचन.

एकलकोंडा_नव्हे

त्यांना पटायला हवीच असं नाही. अलीकडे त्या ऑटिझमचा स्पेक्ट्रम (या एका नावाखाली येणाऱ्या लोकांचा पट्टा) फार ताणला गेलाय असंही बोलल्यात. म्हणजे उशिरा निदान झालेले माझ्यासारखे लोक बहुधा त्यांच्या हिशेबात वेगळ्या खणात.

सांजवेळ

यावर मात्र मी बाईंच्या बाजूने आहे. राग मानू नका. माझ्या मुलाला रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही. तुम्ही नोकरी करता, इथे इतकं सुंदर लिहिता. दोघांना एकच नाव दिलं की मदत मागायला गेल्यावर समोरचा म्हणतो, 'अहो, ऑटिझमवाले तर किती हुशार असतात!'

एकलकोंडा_नव्हे

राग नाही. पण मी घरी आल्यावर तीन तास अंधारात बसतो हे ऑफिसला दिसत नाही. खण करा, पण वरून दिसतं त्यावरून करू नका.

लंडनकर_जुना

दोघांचंही एका अर्थी हापे यांनीच २००६ला म्हणून ठेवलंय, अँजेलिका रोनाल्ड आणि रॉबर्ट प्लोमिन यांच्याबरोबर: ऑटिझमचं एकच एक स्पष्टीकरण शोधणं सोडून द्या. गुरूच्या सिद्धांतावर वाढलेल्या शिष्येने हे लिहावं यातच त्या प्रयोगशाळेची हवा कळते.

रानजाई, एक राहिलं. हान्स ॲस्पर्गरचा १९४४चा जर्मन लेख फ्रिथ यांनीच १९९१ला इंग्रजीत आणला, म्हणून तो जगाला वाचता आला. २०१८ साली हेर्विग चेक यांनी व्हिएन्नातली कागदपत्रं उघडली. ॲस्पर्गरने काही मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड'ला पाठवण्याची शिफारस केली होती, जिथे नाझी राजवटीत मुलं मारली जात. ते नाव २०१३पासूनच अमेरिकन निदान-पुस्तिकेतून गेलं होतं, पण वेगळ्या कारणाने.

आडगावकर

वाचतोय सगळं. मुलगी बारावीला आहे, तिला हेच करायचंय, 'मेंदू आणि ऑटिझम'. आमच्या घरात कोणाला यातलं ओ की ठो कळत नाही. मेडिकलला गेलं तरच होतं का?

पाटीपेन्सिल

नाही काका. मेडिकल ही एक वाट. आयसर पुण्याला (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था) बीएस-एमएस करून, किंवा मानसशास्त्रात पदवी घेऊन पुढे बंगळुरूच्या निम्हान्सला (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची संस्था), किंवा भारतीय विज्ञान संस्थेच्या न्यूरोसायन्स केंद्रात पीएचडी, किंवा मानेसर. मानेसरला ऑटिझम असलेल्या मुलांच्या बोलण्यातल्या चढउतारांवर काम झालेलं आहे. इंजिनिअर लोकही येतात या क्षेत्रात, स्कॅनची माहिती सोडवायला तेच लागतात.

लंडनकर_जुना

दोन गोष्टी जोडतो. संख्याशास्त्र आत्तापासून पक्कं करायला सांगा, याच विषयात सगळ्यात जास्त मुलं मागे पडतात. आणि पैसा उशिरा आहे, हे घरात आधी बोलून घ्या. पीएचडीला पाच-सहा वर्षं, मग तात्पुरत्या नेमणुका. फ्रिथ यांना सुरुवातीपासून मेडिकल रिसर्च कौन्सिलचा लांबचा आधार होता, म्हणून एकेका प्रश्नावर वर्षानुवर्षं बसता आलं. आता तसं कोणाला मिळत नाही. २०२० साली त्यांनी लिहिलं होतं की संशोधकांना वर्षाला एकाच शोधनिबंधाची मर्यादा घाला. तरुण मंडळी हसली, कारण एका निबंधावर नोकरी कोण देणार?

सांजवेळ

आडगावकर, मुलीला सुट्टीत ठाण्याला पाठवा. प्रयोगशाळा वगैरे नंतर बघेल. आठवडाभर माझ्या पोरासोबत राहू दे. तो तिला डबीबद्दल सांगेल बहुतेक, मूड असला तर.

आडगावकर

विचारतो तिला. तुम्हाला संदेश टाकलाय.